दत्तकविधान

दात पडावा तर ऊस सोलताना पडावा, अक्रोड फोडताना पडावा. अगदीच नाही तर कुणाशी हातघाईवर येऊन पडावा. चारचौघांत सांगता तरी येतं. माझा दात कंदी पेढा खाताना पडला.

सातारचा कंदी पेढा कितीही खरपूस भाजलेला असला तरी शेवटी तो पेढाच. शेजारच्या मुलाला नोकरी लागली म्हणून त्याची आई डबा घेऊन आली. मी "अरे वा, अभिनंदन" म्हणत अर्धा पेढा तोडला, आणि हातात राहिलेल्या अर्ध्या पेढ्यात भोपळ्याच्या बीसारखं पांढरं काहीतरी रुतलेलं दिसलं. हलवायाचं लक्ष कुठे होतं, असा विचार मनात येतो न येतो तोच जीभ पुढे गेली आणि तिला घराचं पुढचं दार सताड उघडं सापडलं. शेजारीण बिचारी कासावीस झाली. "काका, पेढे आजचेच आहेत हो," असं ती दोनदा म्हणाली.

पेढ्याचा दोष नव्हता, दाताचाही फारसा नव्हता. सातवीत असताना विटीदांडूच्या डावात विटी थेट वरच्या पटाशीच्या दातावर बसली होती. दात मेला तो तेव्हाच. फक्त पडायचा राहिला होता. पुढे त्याचा रंग पावसाळी आभाळासारखा झाला, चाळिशीत त्याचं रूट कॅनाल झालं, वर कॅप बसली, आणि आणखी पंचवीस वर्षं तो शेजाऱ्यांच्या बरोबरीनं उभा राहिला. चोपन्न वर्षं मेलेल्या अवस्थेत नोकरी करणारे आमच्या खात्यातही फार नव्हते.

"काही दिवस हसू नका," ही घरातून आलेली पहिली सूचना. मी इतिहासाचा निवृत्त शिक्षक. ही सूचना पाळणं मला अवघड नव्हतं. अवघड होतं ते बोलणं.

मराठीत च दोन आहेत, हे मला व्याकरणाच्या पुस्तकातून ठाऊक होतं. तोंडातून ठाऊक नव्हतं. चहातला च टाळूपाशी होतो, चमच्यातला च पुढच्या दातांच्या पाठीला टेकून होतो. त्यामुळे माझ्या तोंडून चहा धडधाकट बाहेर यायचा आणि त्याच्यामागून चमचा शीळ घालत यायचा. चार नीट, चाळीस गळके. ज आणि झ यांची तीच गत. 'जय' म्हणायला काही अडचण नव्हती, 'जावई' म्हटलं की वारा सुटे. बारकाईनं पाहू लागलो तेव्हा लक्षात आलं की संस्कृतातून जसेच्या तसे आलेले पाहुणे बहुतेक सुखरूप होते. चरित्र, चिंतन, जय, जीवन, कुणाला धक्का नाही. फुटत होते ते घरचे शब्द: चूल, चोर, चावट, जातं, जुनं, झाड, झोप. म्हणजे मराठीचा एवढा मोठा ऐवज त्या एका मेलेल्या दाताच्या आडोशाला ठेवलेला होता, आणि इतकी वर्षं मला पत्ता नव्हता. इतिहासाची तर दैना झाली. चंद्रराव मोरे शाबूत निघत, पण त्यांची जावळी महाराज पोचायच्या आधीच माझ्या तोंडात पडत असे.

खरं तर दात नसणं ही आमच्या घरात कधी बातमी नव्हती. आजोबांच्या तोंडात मला आठवतात तेव्हापासून दात नव्हतेच. त्यांचे दात ओटीवर, पानाच्या डब्याशेजारी ठेवलेले असत. म्हणजे एक मूठभर उंचीचा पितळी खलबत्ता. जेवण झालं की पानाला चुना लागायचा, काताचा खडा पडायचा, अडकित्त्यानं सुपारी अगदी बारीक कातरली जायची, आणि मग तो सगळा ऐवज खलात घालून आजोबा कुटायला बसत. ठक ठक, ठक ठक. दुपारच्या शांततेत तो आवाज तीन घरं पलीकडे जायचा, आणि शेजारच्या काकू त्यावरून घड्याळ लावत. कुटून झालेला लालसर गोळा बोटानं उचलून ते गालात ठेवत आणि डोळे मिटत. चावण्याचं काम तोंडात न करता तोंडाबाहेर उरकलं, यात काही उणीव आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. भाकरी दुधात कुस्करायची, पेरू किसायचा, शेंगदाण्याचं कूट करायचं. घरात बत्ता होता, किसणी होती, पाटा-वरवंटा होता, आणि सुना होत्या. एवढं सगळं हाताशी असलेल्या माणसाला बत्तीस दात हवेत कशाला?

आईची पिढी कवळीची. साठीच्या आतच तिचे सगळे दात काढले आणि वरखाली कवळी आली. ती कवळी पाहुण्यांची होती. घरात आई तशीच वावरायची; दारावर थाप पडली की "थांब, कवळी घालते" म्हणून आत जायची आणि बाहेर यायची ती पंधरा वर्षांनी लहान होऊन. पाहुणे गेले की पुन्हा कवळी फळीवरच्या स्टीलच्या वाटीत, पाण्यात. आम्ही नातवंडांना त्या फळीकडे जाऊ द्यायचो नाही. आई गेली त्या दिवशी धावपळीत कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि तेराव्यानंतर फळी आवरताना ती वाटी सापडली. पाणी आटलेलं, आणि आत आईचं पाहुण्यांसाठीचं हसू. तिचं काय करायचं हे कुठल्याच शास्त्रात सांगितलेलं नाही. बहिणीनं ती रुमालात बांधली आणि बरोबर नेली. पुढे काय केलं, मी विचारलं नाही.

तर माझ्या दाताकडे वळू. आमच्या दातांच्या डॉक्टर माझ्याच वर्गातल्या, आठवी ब. मागच्या बाकावर बसून खिडकीतून अजिंक्यताऱ्याकडे बघत बसणारी मुलगी. आता तिच्या दवाखान्याच्या खिडकीतूनही अजिंक्यतारा दिसतो, पण बघायची पाळी माझी, कारण खुर्चीत आडवा मी. "सर, आ करा." केला. "सर, बोलू नका." हे वाक्य मी तिला वर्षभरात किमान दोनशे वेळा ऐकवलं असेल. तिनं ते फक्त एकदाच, पण तोंडात आरसा घालून ऐकवलं.

मुळाला उभा तडा गेला होता, ते काढावं लागणार होतं. पुढचे मार्ग तिनं तीन सांगितले. काढता-घालता येणारी प्लेट, म्हणजे एका दाताची कवळी. दुसरा ब्रिज, म्हणजे दोन्ही बाजूंचे दात तासून त्यांच्या खांद्यावर मधला टांगायचा. शेजारधर्म मला मान्य आहे, पण शेजारी मेला म्हणून दोन धडधाकट माणसांनी अंग सोलून घ्यावं हे काही पटेना. तिसरा इम्प्लांट. जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा पेच बसवायचा, चार-सहा महिने थांबायचं, हाडानं त्याला धरलं की वर दात चढवायचा.

"हाडानं धरलं की म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे सर, हाड त्याला आपला समजायला लागलं की. हाडाच्या पेशी पेचाच्या पृष्ठभागाला थेट जाऊन चिकटतात. मधे काही राहत नाही."

"आणि नाही धरलं तर?"

"तर निघून येतो. फार कमी वेळा होतं तसं."

साताऱ्याच्या इतिहासशिक्षकाला एवढं पुरे होतं. प्लेट म्हणजे तोतया. कपडे तेच, चेहरामोहरा तोच, पण आत रक्ताचं नातं काही नाही, रात्री वाटीत जाऊन झोपायचं. इम्प्लांट म्हणजे दत्तक. रक्त परकंच, पण घरानं एकदा मांडीवर घेतलं की गादी त्याची. आता या गावात दत्तक हा शब्द साधा नाही. १८४८ साली आप्पासाहेब महाराजांनी मृत्यूपूर्वी दत्तक घेतला, मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांचं मतही दत्तक मान्य करावा असंच होतं, पण कलकत्त्याला नुकताच येऊन बसलेला डलहौसी नाही म्हणाला आणि आमचं राज्य खालसा झालं. पुढे १८५४ मध्ये नागपूर गेलं, झाशी गेली. हा धडा मी तीस वर्षं शिकवला. त्या दिवशी खुर्चीत पडल्या पडल्या पहिल्यांदा जाणवलं की माझ्या वरच्या जबड्यात एक डलहौसी बसलेला असू शकतो.

कट्ट्यावर विषय निघालाच. सकाळी आम्ही चार-पाच निवृत्त माणसं 'चार भिंती' स्मारकापर्यंत चढून जातो आणि चढण्याच्या दुप्पट वेळ तिथं बसतो. पंचेचाळीस हजार, असा आकडा मी सांगितल्यावर माजी बँकवाल्यांनी तिथल्या तिथं गुणाकार केला. "मास्तर, एका दाताचे ४५,०००, तर बत्तीस दातांचे १४,४०,०००. म्हणजे तुम्ही आज एवढी मालमत्ता तोंडात घेऊन मोकळे फिरताय." सगळे आपापल्या तोंडाकडे जरा वेगळ्या आदरानं पाहू लागले. एकानं जिभेनं गुपचूप शिल्लक मोजलेली मला दिसली. दुसऱ्याचं म्हणणं पडलं, "या वयात कशाला? दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, असं म्हणतात ते काय उगाच?" यावर मी म्हणालो की सध्या चणेही आहेत आणि पेन्शनही आहे, मग म्हणीला का घाबरायचं?

खरं कारण वेगळं होतं, ते मी कट्ट्यावर सांगितलं नाही. डॉक्टरीणबाईंनी एक्सरे दाखवताना सांगितलं होतं की दात गेला की त्याखालचं हाड झिजायला लागतं. चावण्याचा दाब नाही, काम नाही, मग हाड राहत नाही. आमच्या गावाकडचा वाडा माणसं निघून गेल्यावर पाच पावसाळ्यांत खाली बसला. छप्पर शाकारलेलं होतं, भिंती दगडी होत्या, फक्त आत चूल पेटत नव्हती. आई शेवटी-शेवटी अशी आखूड का दिसायला लागली होती, हनुवटी नाकाकडे का आली होती, तेही मला त्या एक्सऱ्यापुढे कळलं. कवळी वरून हसवते, आतला वाडा नाही धरून ठेवत.

एकदा विषयात शिरल्यावर मास्तर माणूस वाचल्याशिवाय राहत नाही. दाताच्या इतिहासात राजे-महाराजे माझ्याआधी रांगेत उभे होते. कनौजचा जयचंद ११९४ साली चंदावरच्या लढाईत पडला, तेव्हा त्याचं प्रेत ओळखू आलं ते सोन्याच्या तारेनं बांधलेल्या दातांवरून, असं इब्न अल-असीर हा अरब इतिहासकार लिहून ठेवतो. अमेरिकेचा पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन १७८९ मध्ये शपथ घ्यायला उभा राहिला तेव्हा त्याच्या तोंडात स्वतःचा एकच दात होता. बाकी कवळी, आणि तीही पाणघोड्याच्या दाताची, माणसांच्या दातांची, धातूच्या स्प्रिंगा लावलेली. लाकडाची होती ही नुसती आवई. चार वर्षांनी दुसऱ्या शपथविधीला तो अवघं १३५ शब्दांचं भाषण करून खाली बसला. अमेरिकन इतिहासकार याची राजकीय कारणं देतात. मला कारण माहीत आहे. १८१५ च्या वॉटर्लूनंतर रणांगणावर पडलेल्या तरण्या सैनिकांचे दात उपटून त्यांच्या कवळ्या झाल्या. त्यापुढे पाणघोडा सोज्वळ म्हणायचा.

पण मला आवडला तो स्वीडनचा माणूस. पेर-इंगवार ब्रोनेमार्क. १९५२ च्या सुमारास लुंड विद्यापीठात तो दाताचा विचारही करत नव्हता. हाडात रक्त कसं खेळतं हे जिवंतपणी बघायचं म्हणून त्यानं सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची बारीकशी दुर्बीणनळी बसवली होती. प्रयोग संपला. नळी महाग, म्हणून ती काढून पुढच्या सशाला वापरावी असा त्याचा साधा, काटकसरी, जवळजवळ सदाशिव पेठी विचार. नळी निघेना. हाडानं ती गिळली होती. हाड कुठं संपतं आणि धातू कुठं सुरू होतो ते कळेना. दुसरा कुणी नळीच्या नावानं बोटं मोडत बसला असता. हा बसला विचार करत. तेरा वर्षांनी, १९६५ मध्ये, त्यानं यॉस्टा लार्सन नावाच्या, जन्मतः जबड्यात व्यंग असलेल्या माणसाच्या खालच्या जबड्यात असे पेच बसवले. लार्सन २००६ साली वारला, तोवर ते जागेवर होते. एक्केचाळीस वर्षं. मधल्या काळात दंतवैद्यकातली मोठमोठी माणसं ब्रोनेमार्कला हसत होती. १९८२ च्या टोरंटोच्या परिषदेपर्यंत त्याला बाहेरच्या जगानं फारसं दारात उभं केलं नाही. त्याच्या पेचाला हाडानं चार महिन्यांत घरचं मानलं, त्याला स्वतःला तीस वर्षं लागली.

आणि टायटॅनियम तरी कुठला परका? रत्नागिरीच्या काळबादेवीच्या किनाऱ्यावर पाय ठेवला की जी काळी, जड वाळू तळव्याला चिकटते, तिच्यात इल्मेनाइट असतं, आणि इल्मेनाइटमध्ये टायटॅनियम. तोच भिंतीच्या पांढऱ्या रंगात, तोच टूथपेस्टच्या पांढरेपणात. म्हणजे मी पन्नास वर्षं ज्यानं दात घासत होतो त्याचाच दात करून घ्यायला निघालो होतो. धातूला हवा लागली की त्याच्यावर ऑक्साइडचा अगदी पातळ थर चढतो, आणि हाड भेटतं ते त्या थराला. थेट धातूला नाही. आमच्याकडेही लग्नं अशीच जमतात. मधे एक मामा लागतो.

आधी साखर तपासली. तीन महिन्यांची साखर काबूत नसेल तर जखम भरत नाही आणि हाड रुसतं, म्हणून पेढ्यांवर बंदी आली. जो पेढा या सगळ्याला कारण, तोच तुरुंगात गेला हे मला न्याय्य वाटलं. मूळ काढून दोन महिने झाल्यावर ऑगस्टात पेच बसवायचा दिवस ठरला.

त्या तासाविषयी फार सांगण्यासारखं नाही, कारण दुखलं नाही. आवाज मात्र सगळे सुतारकामाचे. हिरडी उघडून हाडात भोक पाडायचं, आधी बारीक, मग जरा मोठं, मग आणखी. सतत गार पाण्याची धार. हाड ४७ अंशांच्या वर मिनिटभर तापलं तरी मरतं, म्हणून ही धार. (आमच्याकडे लोकांना भिंतीत खुंटी मारताना एवढी काळजी घेताना मी पाहिलेलं नाही.) समोरचं हाड एका बाजूला पातळ निघालं, तिथं हाडाची पूड भरली. कुणाच्या हाडाची, हे मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. दधीची ऋषींनंतर इतक्या वर्षांनी कुणीतरी अस्थिदान केलं होतं, आणि तेही वृत्रासुरासाठी नव्हे, माझ्या चमच्यासाठी. मग करंगळीच्या पेरापेक्षा लहान, आटे असलेला पेच छोट्या पान्यानं फिरवून घट्ट बसवला. "सर, झालं. आता त्याला हात लावायचा नाही, जीभ लावायची नाही." हात ठीक आहे, पण जीभ? जिभेला हाड नसतं हे सगळे सांगतात. तिला दुसरं काही कामही नसतं, हे कुणी सांगत नाही.

पुढचे महिने तोतयाच्या राज्यात गेले. हाड पेचाला धरत असताना बाहेर लोकांना काहीतरी दाखवायला हवं, म्हणून टाळूला चिकटणारी गुलाबी प्लेट आणि तिला एक दात. टाळू झाकली गेल्यामुळे आमटी कशी झालीय ते कळेना, आणि नवराबायकोत जो एक कायमचा विषय होता तो गेला. जेवताना काढून ठेवायची, तर वाटी शोधताना माझा हात आपोआप त्याच आकाराच्या स्टीलच्या वाटीकडे गेला. मी ती परत ठेवली आणि काचेचा पेला घेतला.

डिसेंबरात ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेत बोलायचं ठरलं होतं. विषय, 'साताऱ्याचं राज्य आणि दत्तकाचा प्रश्न'. विषय मी जूनच्या आधी दिला होता, माझ्या तोंडात पुढे काय वाढून ठेवलंय याची कल्पना नव्हती. पहिली वीस मिनिटं उत्तम गेली. थोरल्या शाहू महाराजांच्या निधनानंतर रामराजाला गादीवर बसवणाऱ्या ताराबाईंनीच त्याला पुढे तोतया ठरवून १७५० मध्ये अजिंक्यताऱ्यावर कसं कोंडलं, ते मी रंगात येऊन सांगत होतो. "दत्तक कोण आणि तोतया कोण, हे ठरवणाऱ्याच्या सोयीवर असतं," असं म्हणून मी खालसा करण्याच्या हुकमाकडे वळलो. "मग राजवाड्यावर जप्ती..." आणि जप्तीच्या ज वर प्लेट सुटली. दातासकट टिपणांच्या कागदावर उतरली, थेट १८४८ वर. मी खोकल्याचा बहाणा करून कागद घडी केला, पाणी प्यालो आणि उरलेलं भाषण संस्कृतप्रचुर मराठीत पूर्ण केलं. जप्ती टाळून 'अधिग्रहण' म्हणालो, झाशी टाळून 'बुंदेलखंडातील ते संस्थान' म्हणालो. अध्यक्षांनी समारोपात माझ्या भाषाशैलीचं कौतुक केलं. पहिल्या रांगेत बसलेली आमची ही पदर तोंडाला लावून खिडकीबाहेर बघत होती.

जानेवारीत हिरडी उघडून पेचाची परीक्षा झाली. परीक्षेची एक पद्धत म्हणजे धातूच्या दांडीनं त्यावर हलकेच टिचकी मारायची. हाडानं धरलेलं असलं तर आवाज खणखणीत येतो; नसलं तर भद्द. माठ घेताना आपण करतो तेच. इतर तपासण्याही झाल्या, पण मी ऐकत होतो तो तेवढा एक आवाज. टण्. तिनं पुन्हा एकदा वाजवलं. टण्.

"सर, दत्तक मंजूर."

मी तोंडातल्या नळ्यांसकट हसलो. तिच्या लक्षात होतं तर. म्हणाली, "सहामाहीला मी लिहिलं होतं की डलहौसीनं दत्तक नामंजूर केला कारण त्याला स्वतःला मूल नव्हतं. तुम्ही शून्य दिलं होतं आणि खाली 'कल्पनाशक्ती चांगली' असा शेरा मारला होता. आता तरी अर्धा मार्क वाढवा." डलहौसीला दोन मुली होत्या, तेव्हा शून्य बरोबरच होतं. पण तोंडात तिचे हात होते. मी मानेनं अर्धा मार्क दिला.

फेब्रुवारीत वरचा दात चढला. झिर्कोनियाचा, शेजाऱ्यांचा रंग पट्टीवर ताडून पाहून बनवलेला. त्या रंगांना ए-दोन, ए-तीन अशी नावं असतात, माझा ए-साडेतीन निघाला. चहाचा रंग, असं ही म्हणाली. दाताच्या कडेला एक बारीकशी रेघही काढून घेतली, कारण सहासष्टाव्या वर्षी निष्कलंक दात हा पुरावा ठरतो. आता चमचा नीट येतो. चाळीस, चोर, चूल, चावट, सगळे आपापल्या ठिकाणी. एक-दोन आठवडे मी घरात विनाकारण "जावई, जावई" म्हणत फिरत होतो, तेव्हा मुलीनं फोनवर विचारलं की तिच्या नवऱ्याचं काही चुकलं का.

त्याला कीड लागत नाही, हे खरं. पण भोवतालची हिरडी बिघडू शकते, तेव्हा घासणं, दोऱ्यानं साफ करणं, सहा महिन्यांनी दाखवणं आहेच. दत्तकाचं सगळं करावं लागतं.

एक गोष्ट मात्र डॉक्टरीणबाईंनी आधी सांगितली होती आणि माझ्या नीट लक्षात आली नव्हती. आपला दात हाडात रुतलेला नसतो. तो बारीक तंतूंच्या झोळीत टांगलेला असतो. पाळण्यातल्या मुलासारखा किंचित हलतो, आणि घास कडक आहे की मऊ, खडा आहे की शेंगदाणा, ते त्या झोळीतून कळतं. पेचाला झोळी नाही. आत नसही नाही. तो काम चोख करतो आणि काही कळवत नाही.

परवा मंडईत पहिल्या कैऱ्या आल्या. हिनं एक चिरली, तिखटमीठ लावलं आणि आम्ही गच्चीत बसलो. दोन फोडी झाल्या आणि दात आंबले. एकतीस वर्षांपूर्वी दाढ काढली ती सोडून, अक्कलदाढा सोडून, जे काही उरलेत ते सगळे एका सुरात आंबले. शिरशिरी कानापर्यंत गेली, डोळ्यांत पाणी आलं, ही हसायला लागली. आणि ओळीच्या मध्यावर तो एकटा शांत. घरातली सगळी माणसं जुनी काहीतरी आठवण निघून हसताहेत, आणि नवा माणूस मधे बसून नम्रपणे सगळ्यांकडे बघतोय, तसा. मी जीभ त्याच्याकडे नेली. विचारून पाहिलं. काही नाही.

"काय झालं?" हिनं विचारलं.

"एक जण आंबला नाही."

"त्याला दे आणखी एक फोड," ती म्हणाली आणि ताटली पुढे केली.